मदत हवी आहे: एकाच गिऱ्हाइकावर उभं असलेलं मशीन शॉप सावरायचं कसं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. संगणकावर चालणाऱ्या दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), एक ड्रिलिंग. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घ्यायचं आणि मशीनिंग करून ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला द्यायचं, हे मुख्य काम. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून शॉप मी बघते. ड्रॉइंग वाचता येतं, रिजेक्शन आटोक्यात आहे. शॉपच्या आत फारसं काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते दाराबाहेर, आणि त्याचा गुंता मला एकटीला सुटेना.

महिन्याचं बिलिंग साधारण ९ लाख, त्यातले ७ लाख या एकाच कंपनीचे. पूर्वी पेमेंट ४५ दिवसांत यायचं. दिवाळीपासून ते १०० दिवसांवर गेलंय. आधी साडेदहा लाख अडकायचे, आता तेवीस. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) आहे १५ लाखांची. मधली फट मी फौंड्रीचे पैसे थांबवून भरत आले. फौंड्रीवाले काका वडिलांचे जुने स्नेही, तीन महिने एका शब्दानं बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात फोन आला, "पोरी, भंगार आणि पिग आयर्न मला रोखीनं घ्यावं लागतंय गं." आता आधी पैसे, मग माल. कास्टिंग उशिरा आलं की माझं शेड्यूल चुकतं, आणि शेड्यूल चुकलं की तीच कंपनी माझं रेटिंग खाली आणते.

त्यात व्हीएमसीचा पाच वर्षांचा जुना ऑपरेटर गेला. दोनदा पगार दहा तारखेच्या पुढे गेला होता, घरी दोन लहान मुलं, त्याला मी दोष देत नाही. पण तो गेला तो मागच्या गल्लीतल्या नव्या शॉपमध्ये. आमच्याच एका पार्टला तिथून नगामागे ६ रुपये कमी रेट आलाय, असं कंपनीच्या परचेसवाल्यांनी (खरेदी विभागानं) मला ऐकवलं.

लघु उद्योगांच्या थकीत पैशांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करू का? केली तर हे काम जाईल या भीतीनं झोप लागत नाही. दुसरीकडे, एक पंपवाले ३० दिवसांत पैसे द्यायला तयार आहेत. पण नग थोडे आणि प्रकार फार, निम्मा दिवस दर पार्टला मशीन नव्यानं जुळवण्यात, सेटिंगमध्येच जाईल. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १

ताई, मी उद्योगांचे हिशेब बघतो. पहिला प्रश्न: उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) कुणाच्या नावावर आहे? एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर ती मालकाच्या आधार आणि पॅनला जोडलेली असते. वडिलांच्या नावाची नोंदणी तुमच्या बिलांना लागू पडणार नाही. नवी करून घ्या, शुल्क नाही. नोंदणीनंतरच्याच बिलांना तिचा आधार मिळेल असं धरून चाला आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरात कलम ४३बी(एच)नं नवा नियम आला. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे मुदत उलटलेले पैसे ३१ मार्चला थकीत राहिले, तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. म्हणून फेब्रुवारीत थकबाकीचं पत्र अकाउंट्स विभागाला द्या. परचेसला नको, त्यांच्या हातात फक्त रेट असतो.

तक्रार लगेच करू नका. कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्सवर (बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी सक्तीची आहे, मुदत ३१ मार्च २०२५ होती. तिथे तुमचं बिल कंपनीनं मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि व्याज कापून पैसे काही दिवसांत तुमच्या खात्यात येतात. पुढे कंपनीनं थकवलं तरी बँक तुमच्याकडे वसुलीला येत नाही. हे मागणं भांडण होत नाही.

आणि एक, राग मानू नका. फौंड्रीही लघु उद्योगच असणार. तोच कायदा तुम्ही त्यांना द्यायच्या पैशांनाही लागतो.

प्रतिसाद २

भोसरीत माझं असंच शॉप आहे. २०१९ च्या मंदीत वाहन कंपन्या ब्लॉक क्लोजर घ्यायला, म्हणजे कारखाना काही दिवस बंद ठेवायला लागल्या आणि माझं शेड्यूल निम्म्यावर आलं. तगलो ते व्हॉल्व्हच्या दोन किरकोळ पार्ट्यांमुळे. पंपवाल्यांचं काम घ्या. सेटिंगचा वेळ जातो हे खरं, पण एका बेस प्लेटवर बसतील अशी फिक्श्चर (भाग पकडून ठेवायची साधनं) करून घेतलीत तर बराच वाचतो. ड्रिलिंग आणि एक लेथ त्यांनाच देऊन टाका.

६ रुपयांच्या मागे लागू नका. नव्या शॉपला हप्ते भरायला काम हवंय, तो रेट किती दिवस टिकेल ते बघा. ऑपरेटरला मात्र एकदा घरी जाऊन भेटा. पगाराची तारीख पाळाल तर माणूस परत येतो, हा माझा अनुभव.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्ताच कपाट उघडून पाहिलं. जीएसटी माझ्या नावावर केलं होतं, उद्यम मात्र अजून बाबांच्याच नावावर आहे. दोन वर्षांची बिलं त्याच नंबरानं गेलीत. उद्या सकाळी पहिलं काम ते.

फौंड्रीबद्दलचं वाचून गप्प झाले. कंपनीबद्दल इतकं लिहिलं आणि काकांचे ११ लाख माझ्याकडे अडकलेत, हे आकड्यात लिहायचं टाळलं होतं. पंपवाल्यांचे पैसे सुरू झाले की ते थेट काकांना द्यायचे असं ठरवतेय. तोवर आठवड्याला ५० हजार दिले तर फौंड्रीवाले माल सोडतात का? कुणी अशी बोलणी केली असतील तर कशी केली ते सांगा, शनिवारी त्यांना भेटायला जातेय.