रेंजफाइंडर, फास्ट प्राइम आणि कायम १.४: हे पटतं का तुम्हाला?

कृष्णधवल
मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. लायकाच्या एम माउंटच्या रेंजफाइंडरला (लेन्समधून न बघता बाजूच्या खिडकीतून बघून फोकस करायचा कॅमेरा) फास्ट प्राइम, म्हणजे झूम नसलेली, भरपूर उजेड घेणारी लेन्स घेतलेले लोक, ५० एमएम १.४ असो, ३५ चा १.४ असो नाहीतर नॉक्टन १.२, अॅपर्चरची रिंग (आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं आणि शार्प खोली कमी) एकदा त्या शेवटच्या आकड्यावर नेतात आणि मग ती तिथून हलतच नाही. भर दुपारी लक्ष्मी रोडला सुद्धा १.४. एक डोळा शार्प, कान गेला, मागचं दुकान गेलं, रस्ता गेला, फोटो पुण्यातला आहे की आणखी कुठला हे कळायला मार्ग नाही.

माझं मत स्पष्ट आहे. फास्ट लेन्स अंधारासाठी असते, आणि उजेडात ती पूर्ण उघडी वापरली की रेंजफाइंडरचा सगळ्यात मोठा गुण वाया जातो. एसएलआरमध्ये आपण आरशावरून लेन्समधूनच बघतो त्यामुळे मागचं धूसर झालेलं आधीच दिसतं. इथे आपण बाजूच्या खिडकीतून बघतो, जवळचं लांबचं सगळं सारखंच स्वच्छ, वर फ्रेमलाइनच्या (फोटोची हद्द दाखवणाऱ्या चौकटीच्या) बाहेरून कोण आत येतंय तेही दिसतं. म्हणजे हा कॅमेरा आपल्याला अख्खा रस्ता दाखवतो, पुढे माणूस, मध्ये सायकल, मागे गॅलरीत कोणीतरी वाकून बघतंय, आणि आपण काय करतो तर त्यातला एक थर ठेवून बाकीचे पुसून टाकतो. छायाचित्रकार रघुवीर सिंह यांचे कोडाक्रोम या रंगीत फिल्मवरचे फोटो काढून बघा, फ्रेमचा कोपरान् कोपरा कामाला लावलेला असतो.

३५ एमएम, एफ ८, फोकस ३ मीटरवर ठेवा. साधारण २ ते ७ मीटर सगळं शार्प मिळतं, कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फोकस झालेला असतो. उलट ५० एमएमला १.४ वर १ मीटर अंतरात जेमतेम ३ सेंटीमीटर खोली मिळते. आणि उन्हाचं गणितही जमत नाही. ४०० आयएसओची (संवेदनशीलतेची) फिल्म कडक उन्हात एफ १६ ला साधारण १/५०० मागते, तिथून १.४ पर्यंत सात स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे १/५०,००० च्याही पुढचं शटर, आणि लायकाच्या एम ३ पासून एम ६ पर्यंतच्या फिल्म कॅमेऱ्यांचं शटर १/१००० ला संपतं. मग एनडी फिल्टर लावा, म्हणजे आधी काच मोठी घ्या आणि मग तिच्यावर काळी काच चढवा. कशासाठी?

सांजवेळ
पूर्ण असहमत. गणित बरोबर आहे तुमचं, निष्कर्ष नाही.

आपल्याकडे रस्त्यावर माणसाच्या मागे काय असतं ते आठवा. वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर वीस चेहरे, सगळे कॅमेऱ्याकडे बघणारे. शेजारी केबलच्या वायरींचा गुंता, एटीएमचा बोर्ड, पार्क केलेल्या स्कूटी. एफ ८ ला हे सगळं शार्प आलं की समोर भाजी निवडत बसलेली बाई त्या फ्लेक्सवरच्या विसाव्या चेहऱ्याइतकीच महत्त्वाची होते. मला तसं नकोय. मला तिचे हात हवेत, मेथीची जुडी सोडताना दोन्ही अंगठे कसे एकदम फिरतात ते हवंय, आणि त्यासाठी मागचा गोंगाट खाली आणायचा तर माझ्याकडे एकच उपाय आहे. सगळं दाखवणं हाच प्रामाणिकपणा असं कुठे ठरलंय?

बाजूच्या खिडकीचा मुद्दा तर मी उलटा घेते. एसएलआरमध्ये धूसरपणा समोर दिसतो म्हणून माणूस त्याच्याच नादाला लागतो, मागचे दिव्यांचे गोळे किती गोल येतायत तेच बघत बसतो. रेंजफाइंडरमध्ये तो दिसतच नाही, त्यामुळे मी फक्त माणूस आणि क्षण बघते. मागचं काय होणार ते लेन्स हाताखालून गेली की अंदाजाने कळायला लागतं.

प्रिझम
तुमचं दोघांचं चालू द्या पण वाइड ओपनवर, म्हणजे पूर्ण उघड्या लेन्सवर बोलायचं तर आधी फोकस लागतो का ते बोलू, कारण अर्ध्या तक्रारी तिथल्याच असतात.

रेंजफाइंडरची अचूकता दोन गोष्टींवर ठरते, दोन खिडक्यांमधलं अंतर आणि व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन. ०.७२ च्या एम ६ मध्ये हा गुणाकार साधारण ५० मिमी येतो, १९५४ च्या एम ३ मध्ये फाइंडर ०.९१ चा असल्यामुळे ६२ च्या आसपास. म्हणून ५० एमएम उघडी वापरणारे जुने लोक अजून एम ३ सोडत नाहीत.

फोकस करताना पॅच (खिडकीच्या मध्यभागचा, दुहेरी प्रतिमा दाखवणारा चौकोन) चेहऱ्यावर नुसता टेकवून भागत नाही, एखादी उभी कड शोधावी लागते, चष्म्याच्या फ्रेमची कड सगळ्यात उत्तम, नसेल तर नाकपुडीची बाजू किंवा कपाळावरच्या गंधाची रेघ. ती दुहेरी दिसते, रिंग फिरवत एक करायची, किंचित पुढे जाऊन परत यायचं, म्हणजे बरोबर कुठे बसली ते बोटाला कळतं. आणि मग लोक इथेच फसतात, फोकस मधल्या पॅचवर होतो आणि नंतर फ्रेम लावायला कॅमेरा वळवतात. १ मीटरवर १५ अंश वळलात तर फोकसचं प्रतल डोळ्यांच्या साडेतीन सेंटीमीटर मागे जातं. एफ ४ ला हे बऱ्यापैकी झाकलं जातं, १.४ ला कान शार्प येतो आणि दोष लेन्सला मिळतो. वळल्यावर अंग जरासं मागे घ्यायची सवय लावा.

अजून एक. झाइसची सोनार ५० १.५ असेल तर अॅपर्चर बंद करत गेलं की फोकसच मागे सरकतो, त्यामुळे १.५ ला जुळवलेली लेन्स २.८ ला जवळून वापरली तर फोकस मागे लागलेला दिसतो. तिथे ‘जरा बंद करा, शार्प येईल’ हा सल्ला लागू पडत नाही.

कृष्णधवल
प्रिझम, नाकपुडीची बाजू लक्षात ठेवतो, चांगली माहिती. पण तुमच्याच लिखाणातून माझा मुद्दा निघतोय की. तीन सेंटीमीटरच्या खोलीत उभी कड शोधा, पुढे मागे करा, वळा, अंग मागे घ्या, तोपर्यंत माणूस उठून गेला.

सांजवेळ, फ्लेक्सबद्दल. तो फ्लेक्स पुसायचा का? त्या बाईच्या डोक्यावर वीस हसरे चेहरे आहेत आणि ती खाली मेथी निवडतेय, हाच तर फोटो आहे. आज आपल्याला नकोसा वाटतो, पण तीस वर्षांनी कोणी बघेल तेव्हा तो चौक, तो बोर्ड, त्या स्कूटीचं मॉडेल, हेच बघेल. जुन्या गिरगावचे फोटो आपण कशासाठी बघतो? पाट्यांसाठी, ट्रामच्या रुळांसाठी. आणि गोंगाट कमी करायचा तर दोन पावलं बाजूला सरकता येतं, खाली बसता येतं, सावलीतली भिंत मागे घेता येते.

गावकुसाबाहेर
मी सोलापूरकडचा. रात्रीचा तमाशा, जत्रा, गोंधळ असलं शूट करतो. फास्ट लेन्स अंधारासाठी यावर कृष्णधवल यांच्याशी सहमत, पण अंधारात तरी नीट बाजू घ्या तिची. लेन्स १.४ असो की ४, रेंजफाइंडरचा पॅच तेवढाच उजळ दिसतो, संबळवाल्याच्या चेहऱ्यावर दिवटीचा उजेड आहे तेवढ्यावर फोकस होतो. आरसा उडत नाही त्यामुळे १/१५ ला सुद्धा हात धरतो. २.८ वरून १.४ ला आलं की दोन स्टॉप, म्हणजे १६०० ऐवजी ४०० ची फिल्म चालते, नाहीतर १/१५ चं १/६० होतं, आणि गोंधळात संबळावर काठी पडत असताना तो फरक फार मोठा आहे. मूळ गरज तीच होती. कॅननची ०.९५ आली १९६१ ला, लायकाची पहिली नॉक्टिलक्स १.२ आली १९६६ ला, त्या वेळी ४०० ची फिल्म म्हणजेच फास्ट फिल्म.

सांजवेळ
मूळ गरज ती होती, मान्य. पण २००४ ला लायकाने ५० च्या समिलक्समध्ये (त्यांची १.४ ची लेन्स) अॅस्फेरिकल काच आणि फ्लोटिंग एलिमेंट (फोकस करताना वेगळा सरकणारा काचेचा भाग) घातलं, म्हणजे १.४ ला, जवळून सुद्धा, लेन्स पूर्ण ताकदीने चालावी म्हणून मेहनत घेतली. नुसती अंधारात कामचलाऊ लेन्स हवी असती तर एवढं कशाला केलं असतं? आणि १/१००० ची अडचण फिल्म कॅमेऱ्यांची आहे, डिजिटल एम ११ चं इलेक्ट्रॉनिक शटर १/१६,००० पर्यंत जातं.

शिवाय तुम्ही सारखं बारा वाजताचं ऊन धरून बोलताय. मी उन्हात काढतच नाही. वाड्याची पडवी, दुकानाच्या आतली बाजू, पावसाळी दुपार, तिथे ४०० च्या फिल्मवर १/२५० ला २ किंवा १.४ सहज येतं, फिल्टर लागत नाही. दोन पावलं सरकण्याचं म्हणाल तर मंडईत सकाळी सरकून बघा, मागे हातगाडी आणि पुढे टोपली असते.

कृष्णधवल
पडवी मान्य, दुकानाची आतली बाजू मान्य. मंडई मान्य नाही. मंडईत टोपली, हातगाडी आणि गर्दी हाच विषय आहे, आणि ती धूसर करून मेथीच्या जुडीचा फोटो काढायचा असेल तर तो घरी ओट्यावर सुद्धा निघतो. ३५ लावा, ५.६ ला ठेवा, दीड मीटरवर या, हातही येतील आणि मंडईही येईल.

सांजवेळ
घरी ओट्यावर ते अंगठे तसे फिरत नाहीत. तिथे तिला घाई असते, समोर गिऱ्हाईक उभं असतं, ते हातात दिसतं. मी मंडईत ५० आणि १.४ च लावणार.