कायटिनचे तंतू आणि आपल्याकडची शाकाहारी घरं
खानापूरच्या ताईंनी विचारलंय, मेयोनीजसारख्या पदार्थात साबणासारखं काही न घालता कायटिनचे नॅनोतंतू (कोळंबीच्या कवचात असणाऱ्या कायटिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म धागे) तेल-पाणी एकत्र कसे धरतात? ते विरघळत नाहीत. तेलाच्या थेंबाभोवती घट्ट बसतात, उरलेले पाण्यात जाळं विणतात. मग थेंबाला थेंब मिळत नाही. किंचित आंबट पाण्यात तंतूंवर धनभार येतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि छान पसरतात. अशा इमल्शनला (तेल-पाण्याच्या टिकून राहणाऱ्या मिश्रणाला) पिकरिंग या रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे, त्यांच्या १९०७च्या कामावरून.

या तंतूंना पर्यावरणपूरक म्हणताना मात्र ते काढताना होणारं सांडपाणीही बघायला हवं. कोळंबीच्या कवचातला चुना काढायला आम्ल लागतं, प्रथिनं काढायला अल्कली. शिवाय बेळगाव-निपाणीकडच्या शाकाहारी घरांत कारवारच्या कोळंबीचं कवच मेयोनीजमधून चालणार नाही. अळंबीतही कायटिन असतं (जैन घरांत तीही वर्ज्य, हे खरं), पण ते ग्लुकानला (अळंबीतल्याच दुसऱ्या एका पदार्थाला) चिकटलेलं असतं, म्हणून सहज सुटत नाही. तरी मला तोच मार्ग बरा वाटतो.