'हॅड अ ड्रीम' विसरू नका

'द जड्स' म्हणजे नेओमी आणि वायनोना या मायलेकींची अमेरिकन कंट्री (तिथलं लोकसंगीतावर आधारलेलं) संगीत गाणारी जोडी. कुणीतरी लिहिलंय की त्यांची सुरुवात 'मामा ही'ज क्रेझी' या गाण्यापासून झाली. ते १९८४ साली 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत मासिकाच्या कंट्री गाण्यांच्या लोकप्रियता यादीत पहिलं आलं खरं, पण त्यांचं पहिलं सिंगल (सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं) त्याआधीचं, १९८३च्या शेवटी आलेलं 'हॅड अ ड्रीम'. ते त्याच यादीत १७व्या क्रमांकापर्यंत गेलं. अगदी नव्या मायलेकींसाठी हे मुळीच कमी नव्हतं.

गाणं डेनिस लिंड यांचं, आणि एल्व्हिस प्रेस्लीने ते १९७६मध्ये 'फॉर द हार्ट' या नावाने गायलेलं. एल्व्हिसचं गाणं पदार्पणाला घ्यायचं म्हणजे छातीच हवी! वायनोना तेव्हा जेमतेम १९ वर्षांची होती, तरी आवाजात काय दम आहे बघा. मुख्य आवाज तिचा, आणि नेओमी तिच्या आवाजाला बेतानेच साथ देते. आईने मागे राहून लेकीला जागा दिली, हीच या जोडीची खरी ताकद, आणि ती पहिल्याच गाण्यात सापडलेली दिसते. डॉन पॉटर यांची गिटार कान देऊन ऐका. निर्माते ब्रेंट माहेर यांनी वाद्यांची गर्दी होऊ दिली नाही, त्यामुळे दोन्ही आवाज वेगवेगळे ओळखू येतात.

नेओमी पेशाने नर्स होती. माहेर यांच्या मुलीला अपघात झाला तेव्हा इस्पितळात तिची शुश्रूषा नेओमीने केली होती, त्यातूनच ही ओळख वाढली.

'मामा' मलाही फार आवडतं. पण नव्याने ऐकणाऱ्यांनी आधी 'हॅड अ ड्रीम' लावावं, असं माझं अगदी ठाम मत आहे.