एलसॅट १६५, जीपीए ३.६४: अमेरिकेतल्या लॉ स्कूलचा अंदाज कसा बांधायचा?

एडिसनकर

मंडळी, दोघांचं एकाच धाग्यात विचारतो.

लेक न्यू जर्सीतल्या सरकारी विद्यापीठात राज्यशास्त्र करतेय, आता शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या पोर्टलवर जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.६४ दिसतो, जूनच्या एलसॅटला (लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेला) १६५ आले. बारावीत असताना तिने कम्युनिटी कॉलेजात १२ क्रेडिट केले होते, तिथे सगळीकडे बी.

दुसरा माझा भाचा. पुण्याचा तीन वर्षांचा बीकॉम, ६८ टक्के, एलसॅट १६८. त्याला एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) नकोय, जेडीच (अमेरिकेतली कायद्याची मूळ पदवी) करायचंय.

नेटवरच्या एका कॅल्क्युलेटरने लेकीला एका ठिकाणी ४३ टक्के शक्यता दाखवली. भाच्याचे ६८ टक्के भरले तर त्याचा जीपीए २.७ धरून सगळीकडे लाल रंग. या आकड्यांवर किती विसंबायचं? आणि अर्जांची यादी कुठल्या हिशेबाने करायची?

तळटीप

काका, आधी तो ३.६४ बाजूला ठेवा. लॉ स्कूल जो जीपीए मोजतात तो एलसॅकने, म्हणजे एलसॅट घेणाऱ्या संस्थेने, काढलेला असतो, आणि एलसॅकची पट्टी वेगळी आहे.

तिथे ए प्लसला ४.३३, ए ला ४, ए मायनसला ३.६७, बी प्लसला ३.३३, बी ला ३. तिकडच्या काही विद्यापीठांत ए नंतर थेट बी प्लस येतो, त्याला घरी ३.५ मिळतात. एलसॅककडे तोच बी प्लस ३.३३ होतो. तिच्या विद्यापीठात अशी पट्टी असेल तर इथेच पहिली गळती. शिवाय ए प्लस देतच नसतील तर भरपाईलाही काही नाही.

समजा तिच्या १२० क्रेडिटपैकी ६० ए, ३३ बी प्लस आणि २७ बी आहेत. विद्यापीठाचा हिशेब: २४० + ११५.५ + ८१ = ४३६.५, भागिले १२०, म्हणजे ३.६४. एलसॅकचा: २४० + १०९.८९ + ८१ = ४३०.८९, म्हणजे ३.५९. आता कम्युनिटी कॉलेजचे १२ क्रेडिट, सगळे बी, म्हणजे आणखी ३६. एकूण ४६६.८९ भागिले १३२. उत्तर ३.५४.

पोर्टलवर ३.६४ आणि फाइलमध्ये ३.५४. एकही नवा पेपर न देता दशांश गेला. शाळेत असताना केलेले असले तरी कॉलेजचे क्रेडिट ते कॉलेजचेच. बहुतेक घरांत हे अर्ज भरून झाल्यावर कळतं.

बाकी नियम: पास-नापास स्वरूपात पास झालेला विषय धरत नाहीत. एपी (शाळेत असताना देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या) परीक्षेतून मिळालेल्या क्रेडिटना ग्रेडच नसतो, तेही बाहेर. विषय पुन्हा दिला असेल आणि ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाच्या गुणपत्रकावर) दोन्ही ग्रेड क्रेडिटसकट दिसत असतील, तर दोन्ही धरतात. विद्यापीठाने जुना पुसला म्हणून एलसॅक पुसत नाही. साधा डब्ल्यू (मध्येच सोडलेला विषय) चालतो, पण विद्यापीठ ज्याला नापास मानतं तो डब्ल्यू शून्य म्हणून येतो.

तिला म्हणावं, ट्रान्सक्रिप्ट घे, एक्सेलमध्ये विषय, क्रेडिट, ग्रेड असे तीन रकाने कर आणि वरच्या पट्टीने जोड. अर्ध्या तासाचं काम आहे. त्याआधी कुठल्याही कॅल्क्युलेटरला हात लावू नका.

मधली_रांग

आता त्या ४३ टक्क्यांबद्दल.

असे कॅल्क्युलेटर दोन जातींचे. एका जातीत मुलांनी स्वतः भरलेली माहिती असते: माझे गुण इतके, निकाल असा. प्रवेश मिळालेला उत्साहाने भरतो, नकार आलेला पुष्कळदा फिरकतच नाही. शिवाय तिच्या आसपासचे गुण असलेली किती मुलं त्या आकड्यामागे आहेत ते बघा. ४३ टक्के म्हणजे १४ पैकी ६ सुद्धा असू शकतात. त्यातली चार मुलं तीन वर्षांपूर्वीची असतील तर मीडियन (दाखल मुलांच्या गुणांतला मधला आकडा) तेव्हा वेगळा होता.

दुसऱ्या जातीत सूत्र असतं: एलसॅटला एका आकड्याने गुणायचं, जीपीएला दुसऱ्याने, बेरजेत एक स्थिरांक. प्रत्येक स्कूलचे गुणक वेगळे. असा निर्देशांक स्कूल वापरतात हे खरं, पण प्राथमिक चाळणीला. त्यातून टक्केवारी काढणं म्हणजे पुढचं आपलं आपण जोडणं.

खरा कागद म्हणजे ५०९ रिपोर्ट. अमेरिकन बार असोसिएशनच्या मानक ५०९ नुसार प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला तो दरवर्षी १५ डिसेंबरपर्यंत आपल्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. त्यात एलसॅट आणि जीपीए दोन्हींचे तीन-तीन आकडे असतात: ७५ वा पर्सेंटाइल, मीडियन, २५ वा. हे आकडे दाखल झालेल्या मुलांचे असतात, प्रवेश देऊ केलेल्यांचे नव्हेत. वरच्या गुणांची बरीच मुलं होकार मिळूनही दुसरीकडे जातात. त्यामुळे देऊ केलेल्यांची पातळी सहसा याहून थोडी वर असते.

मीडियन इतका का महत्त्वाचा, ते एकदा समजून घ्या. सरासरी नव्हे, मीडियन. समजा एका स्कूलला २०० मुलं घ्यायचीत आणि एलसॅट मीडियन १६६ राखायचाय. मग निदान १०० जण १६६ किंवा वरचे हवेत. या हिशेबात १६५ आणि १५८ दोघेही रेषेखालचे, आणि १६६ नि १७५ दोघेही वरचे. म्हणून एका गुणाला एका ठिकाणी काही किंमत नसते आणि दुसऱ्या ठिकाणी तोच सोन्याचा. जीपीएचंही तेच. "१६५ भारी की साधे" या प्रश्नाला एकटं उत्तर नाही. कुठल्या रेषेपाशी उभे आहेत ते विचारा. हार्वर्डचा मीडियन गेली काही वर्षं १७४ आहे, तिथे १६५ चा विषयच नको. मीडियन १५९ असलेल्या स्कूलला तेच १६५ हवेहवेसे वाटतात.

लॉ स्कूलची क्रमवारी लावणाऱ्या यूएस न्यूजने २०२३ च्या यादीपासून गुणांचं वजन बरंच कमी केलं, नोकरी आणि बार परीक्षेच्या (वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेच्या) निकालाचं वाढवलं. तरी मीडियन घसरू द्यायची कुणाची तयारी दिसत नाही. आकडा छापला जातो तोवर तो राखला जाणार.

यादी अशी करा. कागदावर प्रत्येक स्कूलसमोर दोन खुणा: एलसॅट मीडियनच्या वर की खाली, जीपीए वर की खाली. दोन्ही वर असेल तर बहुधा प्रवेश, आणि पैशाची बोलणीही करता येतील. दोन्ही खाली असेल तर एक-दोन अर्ज हौस म्हणून, जास्त नाही. एक वर, एक खाली, त्याला इकडे स्प्लिटर म्हणतात. एलसॅट वर आणि जीपीए खाली म्हणजे साधा स्प्लिटर, उलट असेल तर रिव्हर्स. स्प्लिटरचा अंदाज सगळ्यात फसवा असतो, कारण एकच स्कूल एका वर्षी एलसॅटला भुकेलं असतं, पुढच्या वर्षी जीपीएला.

लेक ३.५४ आणि १६५ ने बहुतेक ठिकाणी साधी स्प्लिटर ठरेल. पहिल्या फळीत जीपीए मीडियन ३.९ च्या आसपास किंवा वर गेलेत, ती दारं सध्या जडच. एलसॅट मीडियन १६० ते १६३ असलेली स्कूल तिची खरी जागा. अर्ज बारा करणार असाल तर सात-आठ तिथलेच असू द्या.

तिसरा_मजला

भाच्याबद्दल लिहितो, कारण २.७ बघून पोरगं उगाच खचलं असेल.

भारतातल्या टक्क्यांचा चार गुणांचा जीपीए कुणीही करू नये. एलसॅकही करत नाही. परदेशी पदवीचं ते मूल्यमापन करतं आणि शेरा देतं: सुपिरियर, अबव्ह अ‍ॅव्हरेज, अ‍ॅव्हरेज किंवा बिलो अ‍ॅव्हरेज. आकडा नाहीच. तिथे बघतात ते त्या देशाच्या पद्धतीत हे गुण कुठे बसतात, आणि आपल्याकडे ६८ म्हणजे फर्स्ट क्लास.

याचा व्यवहारात अर्थ असा, की त्याची पदवी स्कूलच्या जीपीए मीडियनमध्ये धरली जात नाही. तो मीडियन वरही नेत नाही, खालीही ओढत नाही. उरतो एलसॅट, आणि त्याचं वजन वाढतं. ज्या स्कूलचा मीडियन १६६ किंवा १६७ आहे, तिथे १६८ वाला हा मुलगा त्यांना एका बाजूने फायद्याचाच. मधली_रांग म्हणतात तो दोन खुणांचा कागद याच्यासाठी एकाच खुणेचा.

पण मार्कांकडे बघतच नाहीत असा अर्थ काढू नका. वाचणारा माणूस ट्रान्सक्रिप्ट उघडतो. तिसऱ्या वर्षाला घसरगुंडी असेल किंवा एटीकेटी असेल तर ते दिसतं.

अडतं ते इतरत्र. एक, तीन वर्षांची पदवी. बरीच स्कूल मानतात, तरी प्रत्येकाला एक ईमेल टाकून लेखी विचारून घ्या. दोन, ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून थेट एलसॅककडे जायला हवी. घरच्या मार्कशीटच्या झेरॉक्स किंवा आपण हाताने पाठवलेलं पाकीट चालत नाही. यात आणि त्यानंतरच्या मूल्यमापनात आठवडे जातात, म्हणून एलसॅटचा निकाल यायची वाट न बघता आधी सुरू करा. तीन, काही स्कूल टोफेल मागतात, काही माफ करतात.

आणि त्याला "जेडीच" का हवंय हे निबंधात नीट यायला हवं. एलएलएमला साधारणपणे एलसॅट लागत नाही, पण त्याच्याकडे कायद्याची पदवीच नाही, तेव्हा तो रस्ता तसाही बंद आहे. निबंधात एलएलएमशी तुलना करत बसू नये.

एडिसनकर

फार मोलाचं सांगितलंत. रात्री लेकीसोबत एक्सेल केली, ३.५५ आले. तोंड उतरलं तिचं.

आता दोन प्रश्न. तिने ऑक्टोबरला एलसॅट पुन्हा द्यावी का? दोन वेळच्या गुणांची सरासरी घेतात असं कुणीतरी म्हणालं. आणि जीपीए वाढवायला एक वर्षाचं मास्टर्स केलं तर?

तळटीप

मास्टर्सने काही होत नाही. एलसॅकचा जीपीए पहिल्या पदवीपर्यंतचाच, नंतरचं काहीही त्यात मिसळत नाही. अर्जाला थोडं वजन येईल, आकडा हलणार नाही. हलवायचा असेल तर हातात हेच सत्र आहे. १५ क्रेडिट सगळे ए आले तर १३२ वर ३.५५ चे १४७ वर ३.६० होतात. डिसेंबरात ग्रेड लागल्या की नवी ट्रान्सक्रिप्ट एलसॅकला पाठवा, ते पुन्हा मोजतात.

मधली_रांग

सरासरी घेत नाहीत. मीडियनसाठी स्कूल सर्वोच्च गुणच कळवतं, त्यामुळे दुसऱ्यांदा १६३ आले तरी आकड्याचं नुकसान नाही. सगळे प्रयत्न त्यांना दिसतात मात्र. अट एवढीच की चालू पाच वर्षांच्या खिडकीत पाच वेळा आणि आयुष्यात सात वेळा.

द्यावी की नाही हे मनावर सोडू नका. लॉहबवर (एलसॅकच्या सरावाच्या संकेतस्थळावर) अधिकृत सराव परीक्षा आहेत. वेळ लावून, मध्ये न थांबता पाच द्यायला सांगा. सरासरी १६८ च्या पुढे असेल तर द्यावी. १६५ च आली तर तिची पातळी तीच आहे, वेळ निबंधावर घालवलेला बरा. एलसॅक स्वतःच गुणांभोवती साधारण तीन गुणांचा पट्टा देतं, तेव्हा १६५ वरून १६७ होणं हा निव्वळ नशिबाचाही भाग असू शकतो. आणि जुनी पुस्तकं नकोत: ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा भाग गेला, आता तर्काचे दोन विभाग, वाचनाचा एक आणि गुण न धरला जाणारा एक, प्रत्येकी ३५ मिनिटं.

एक अडचण तारखेची. बहुतेक स्कूल सप्टेंबरपासून अर्ज घेतात आणि येतील तसे वाचत जागा भरतात. ऑक्टोबरची परीक्षा दिली तर निकाल लागेपर्यंत ऑक्टोबरअखेर येईल. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आत अर्ज गेले तर ठीक. जानेवारीची परीक्षा धरून बसू नका, स्प्लिटरला उशीर जास्त बाधतो.

पैशाचंही आत्ताच बघा. मीडियनच्या वर असलेल्या मुलीला शिष्यवृत्ती देऊ करतात, पण काही ठिकाणी ती पहिल्या वर्षाच्या ग्रेडवर अवलंबून असते. ५०९ सोबत अशा सशर्त शिष्यवृत्त्यांचा तक्ता असतो: किती जणांना दिली, किती जणांची काढून घेतली. वर्गात ग्रेड वक्रावर, म्हणजे ठरावीक प्रमाणातच, देत असल्याने, दिलेल्या सगळ्यांना ती टिकवता येणंच शक्य नसतं. तो तक्ता बघितल्याशिवाय सही नको. आणि बाइंडिंग अर्ली डिसिजन (प्रवेश मिळाला तर इथेच येईन अशा बांधिलकीचा लवकरचा अर्ज) केलं की दुसऱ्याचं पत्र दाखवून घासाघीस करायची सोय गेली.

तिसरा_मजला

तोंड उतरलंय म्हणता, तर त्या ३.५५ साठी वेगळी पुरवणी जोडता येते. चार ओळी पुरेत: अमुक क्रेडिट शाळेत असतानाचे, विद्यापीठातले ग्रेड वर्षागणिक असे चढले, शेवटच्या दोन सत्रांत इतका. कारणमीमांसा नको, रडगाणं तर नकोच. चढ खरोखर असेल तरच लिहा. ग्रेड सपाट असतील तर पुरवणी न जोडणं बरं, उगाच त्याच जागी बोट ठेवल्यासारखं होतं.

आणि काका, कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट वेगळी मागवली का? विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर ते क्रेडिट दिसत असले तरी एलसॅकला ती मूळ संस्थेकडूनच लागते. ती पोचेपर्यंत फाइल अपूर्ण राहते आणि एकाही स्कूलला रिपोर्ट जात नाही.

एडिसनकर

नाही मागवली. आजच अर्ज टाकतो.