दहा इंची कुकरी: कामाची की नुसतीच भारी?

रानभूल: नेपाळी 'आंगखोला' कुकरी, म्हणजे पुढे वाकलेल्या पात्याचा जाड सुरा, हाताळायला मिळाली. पातं दहा इंची, पाठ जवळजवळ दहा मिलिमीटर, वजन पाऊण किलोच्या मागेपुढे. देखणी आहे, वाद नाही. पण डोंगरात मुक्कामाला जाणाऱ्याने एवढं लोखंड कमरेला कशाला बांधायचं? करवंदीच्या जाळीत आपला कोयता बरा. जाड पातं कोवळ्या फांदीला कापत नाही, नुसतं ढकलतं. म्यानातल्या कर्द (छोटी सुरी) आणि चकमक (धार लावायची बोथट पट्टी) या दोन पिल्लांचे पैसे वर.

भाताफुंक्या: रानभूलराव, जाळी तोडता येत नाही म्हणून नापास? ती त्यासाठी घडलेलीच नाही. नेपाळच्या डोंगरी घरात सरपण फोडणं, बोकड कापणं, बांबू चिरणं, सगळं या एका पात्यावर. बाकामुळे वजन पुढे जातं आणि मनगट सरळ असतानाच धार तिरकी बसते, म्हणून घाव ओढत कापतो. ओंडक्यात तीच जाड पाठ पाचर होते. पातळ कोयता तिथे रुतून बसेल.

आणि पोलाद? बहुतेकदा गाडीच्या जुन्या कमानपाट्याचं. कामी, म्हणजे नेपाळचे लोहार, लालभडक पात्याच्या फक्त धारेवर किटलीच्या तोटीतून पाणी सोडतात. कानस फिरवून बघा: धारेच्या पोटाशी घसरते, पाठीवर चावते. पाठ मऊ, म्हणून दणका सोसते. सरसकट कडक केलेल्या पत्र्यात हे कुठून येणार?

गवतीचहा: मुठीचं कुणी बोलेना! तिच्या मधोमध कडं असतं. तासभर लाकूड फोडा, तळहातावर फोड हमखास. शिंगाची मूठ कोरड्या हवेत तडकते ती वेगळीच. घ्यायचीच तर 'पानावल' घ्या, म्हणजे पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत जातं. नुसती शेपटी लाखेत बसवलेली असेल तर मूठ हलायला लागते.

रानभूल: भाताफुंक्या, माझं भांडण बाकाशी नाही, जाडीशी आहे. कोल्ड स्टील कंपनीची कुकरी मशेटी (झुडपं तोडायचा लांब, पातळ सुरा) तीन मिलिमीटरपेक्षाही पातळ आहे, बाक तसाच. झुडपात ती जास्त चालते आणि गंजली तरी जीव हळहळत नाही. इथे लोक जाडी बघून भुलतात आणि दुकानदारही तीच पुढे करतो.

एसटीप्रवासी: नेणार कशी तेही बघा. शस्त्र नियम 2016 च्या पाचव्या वर्गात 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांमध्ये कुकरीचं नाव घालून उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलीत खरी, पण हे स्टँडवर हवालदाराला कोण समजावणार?

भाताफुंक्या: म्हणून तर म्हणतो, घरी, शेतावर ठेवा. रानभूलराव, ती मशेटी ओंडक्यावर चालवून दाखवा.

रानभूल: ओंडक्याला कुऱ्हाड आहे की!

भाताफुंक्या: म्हणजे कोयता नेणार, वर कुऱ्हाडही नेणार, आणि जड मात्र माझी कुकरी?

रानभूल: कुऱ्हाड गाडीत राहते हो. रात्री शेकोटीला वाळक्या काटक्या पुरतात, ओंडके फोडतोय कोण?