हर्मीसच्या काठीवर इडा-पिंगला आहेत का?

धागाकर्ता:
हर्मीस हा ग्रीक देवांचा दूत. त्याच्या काठीला ग्रीकमध्ये केरिकेयोन म्हणतात, लॅटिनमध्ये कॅड्यूसियस. मधे दंड, एकमेकांना छेदत चढणारे दोन साप, माथ्यावर पंख. माझ्या मते हे योगातल्या सूक्ष्म शरीराचंच, म्हणजे नाड्या आणि चक्रांच्या अदृश्य देहाचंच चित्र आहे: दंड म्हणजे कण्यातली मधली नाडी सुषुम्ना, साप म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या नाड्या इडा-पिंगला, पंख म्हणजे भुवयांमधल्या आज्ञाचक्राची दोन दलं. होमरच्या 'ओडिसी' महाकाव्याच्या २४व्या सर्गात हर्मीस याच काठीने माणसांचे डोळे मिटवतो आणि निजलेल्यांना उठवतोही. टायरेसियस या ग्रीक द्रष्ट्याची कथाही बघा. जुगणाऱ्या सापांना त्याने काठी मारली आणि तो बाई झाला. सात वर्षं उलटल्यावर तेच साप पुन्हा दिसले, पुन्हा काठी मारली आणि पुन्हा पुरुष झाला. चंद्रनाडी (इडा, स्त्री) आणि सूर्यनाडी (पिंगला, पुरुष) याहून स्पष्ट कशी सांगणार?

प्रतिसाद १:
साफ असहमत. तुमचा साप चुकीच्या जागी आहे. कुंडलिनी ही सर्परूप शक्ती मूलाधारात, म्हणजे कण्याच्या तळाच्या चक्रात, साडेतीन वेढे घालून निजते आणि जागी झाली की मधल्या सुषुम्नेतून चढते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही सर्पिणी एकच, तीही अधोमुख. इडा-पिंगला या प्राणाच्या वाटा, डाव्या-उजव्या नाकपुडीपर्यंत जाणाऱ्या. काठीवर मात्र साप बाजूला आणि मधे निर्जीव दंड.
वेढ्यांवरून चक्रंही मोजता येत नाहीत. जुन्या ग्रीक मडक्यांवर काठीच्या टोकाला वरून उघडा, इंग्रजी आठासारखा आकार असतो. खालचा दंड मोकळाच. पंख नंतरचे. ओडिसीतली काठी सोन्याची आहे, पण तिथे सापांचा उल्लेखच नाही.

धागाकर्ता:
मडकी अर्वाचीन म्हणावीत इतकं जुनं चित्र आहे. मेसोपोटेमियातल्या लागाशचा राजा गुडिया याचं अर्घ्यपात्र, सुमारे इ.स.पू. २१००, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. त्यावर दंडाला दोन साप तळापासून माथ्यापर्यंत वेढलेले आहेत. म्हणजे ही कल्पना ग्रीकांच्याही आधीची.

प्रतिसाद २:
पात्राचं खरं आहे, पण ते निन्गिश्झिदा या सुमेरी देवाला वाहिलेलं आहे. त्यातून काठीचं मूळ मेसोपोटेमियाकडे जातं. नाड्यांशी नातं त्याने सिद्ध होत नाही.
तुलना करायचीच तर ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचा 'तिमायस' हा संवाद घ्या. त्यात बुद्धी डोक्यात, शौर्य छातीत, वासना छाती-पोटामधल्या पडद्याखाली बेंबीपर्यंत. मान म्हणजे डोकं आणि धड यांमधली चिंचोळी पट्टी. मेंदूतून कण्यात उतरणारी मज्जा हेच वीर्य, असंही तो म्हणतो. कणा, बिंदू (योगातलं वीर्य) आणि चढती पायरी, तिन्ही एकाच जागी.
मात्र त्यावर सात चक्रांचा आजचा सप्तरंगी तक्ता चिकटवू नका. १५७७च्या षट्चक्रनिरूपण या संस्कृत ग्रंथात मणिपूराची, म्हणजे नाभीच्या चक्राची, दहा दलं पावसाळी ढगासारखी काळपट, आतला अग्नीचा त्रिकोण उगवत्या सूर्यासारखा लाल. आजचा तक्ता त्याला पिवळं रंगवतो. सिद्धसिद्धांतपद्धती या नाथपंथी ग्रंथात तर चक्रंच नऊ. मग प्लेटोचे भाग सात रंगांवर बसवणार तरी कसे?

प्रतिसाद ३:
तिमायस सुचवलंत ते बरं झालं, पण तिथे दिशा उलटी आहे. प्लेटोची मज्जा वरून खाली येते ती संततीसाठी. हठयोगी बिंदू खाली पडू नये म्हणून खेचरी (जीभ उलटी टाळूत नेणं) आणि विपरीतकरणी (पाय वर, डोकं खाली) या मुद्रा करतो. तळाकडे बघण्याची नजरही वेगळी. प्लेटोच्या लेखी वासना म्हणजे रानटी जनावर. खायला घालावंच लागतं, पण त्याचा गोंगाट बुद्धीपर्यंत पोचू नये म्हणून ते डोक्यापासून शक्य तितकं लांब दावणीला बांधलेलं. कुंडलिनीयोगात तळाशी निजलेली ती देवी, आणि सगळी साधना तिला उठवून सहस्रारापर्यंत, म्हणजे डोक्याच्या माथ्यापर्यंत नेण्यासाठी.