मासे, मेथी आणि मिलची जागा
१९९१ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद कापड मिलसारख्या जागांवर मासे व भाजी एकाच फिरत्या पाण्यावर एकत्र वाढवून इंदूरच्या जुन्या कामगार वस्त्यांना रोजगार द्यावा, अशी सूचना एका चर्चेत पुढे आली आहे व ती मला पटते. नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून पंपाने चढवून आणणाऱ्या शहराने तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून शेती करणे शहाणपणाचेच आहे. मात्र चर्चेत जिवाणूंचा विचार राहून गेला आहे. माशांपासून निघणाऱ्या अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा कुठे ते पालक-मेथीला नीट लागू पडते; हे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर मासे दाटीने सोडले तर ते हकनाक मरतात. त्यातून मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पाण्यातला प्राणवायू घटतो व अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून सावलीची जाळी आणि वीज गेल्यावरही चालणारा हवेचा पंप यांचा खर्च आरंभीच धरावा. गच्चीवर हा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते, हेही ध्यानात घ्यावे. आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर मी तो मोह याच कारणाने आवरला.